पूर्वायुष्याची पडताळणी

शासकीय नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराच्या हाती साक्षांकन नमुना येतो. कधी अटक झाली होती काय, खटला भरला गेला होता काय, शिक्षा वा दंड झाला होता काय, असे प्रश्न त्यात असतात. माहिती दडविल्यास नोकरी जाईल, असा इशाराही असतो. जेथे संरक्षणविषयक गुपिते हाताळावयाची, तेथे ही पडताळणी अधिक कसून होते. पाषाण व दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळा आणि खडकीचा दारूगोळा कारखाना ज्या शहरात आहेत, त्याच पुण्याच्या पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला व त्याचे धागे कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचले. तेव्हा विशीत मोहाला बळी पडलेला आणि पुढे सावरलेला तरुण अशा नोकरीस पात्र मानावा काय, हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी राहत नाही.

गुपिते सांभाळणारा माणूस निष्कलंक हवा, हे उत्तर सोपे आहे. परंतु हा नमुना मोजतो ते सेवन नव्हे, सापडणे! वसतिगृहातील एकाच खोलीत दोघांनी एकच अपराध केला आणि त्यांपैकी एक धाडीत सापडला, तर कलंक त्याच्या एकट्याच्या कपाळी. अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) २७ वे कलम निव्वळ सेवनालाही, पदार्थ पाहून, सहा महिने वा एक वर्षापर्यंतची कैद सांगते. त्याच कायद्याचे ६४-अ कलम मात्र, जो व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण करतो, त्याला अशा खटल्यापासून संरक्षण देते. म्हणजे कायद्याला माणूस सुधारलेला हवा आहे. नोकरीच्या दाराशी या सुधारणेची किंमत काय, याविषयी तो काही बोलत नाही.

सुरक्षा परवान्यामागील खरी भीती कोणती, हेही पाहिले पाहिजे. ज्याच्यापाशी लपविण्यासारखे काही आहे त्याला कोणीही धाकात घेऊ शकतो, ही ती भीती. दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या तत्कालीन संचालकांना मे २०२३ मध्ये अटक झाली, ती पाकिस्तानी हस्तकाच्या मोहजालात सापडून माहिती पुरविल्याच्या आरोपावरून. आरोप सिद्ध होवो वा न होवो, धोका जुन्या दप्तरातच दडलेला असतो असे नाही, एवढे त्यावरून दिसते. उघड केलेल्या चुकीचा धाक कोणी घालू शकत नाही. दडविलेल्या चुकीचाच घालता येतो. कबुलीची किंमत नोकरी गमावणे अशी ठेवली, तर माणसे दडवतील, हे सांगावयास अर्थशास्त्र लागत नाही. अमेरिकेत सुरक्षा परवान्याच्या अर्जात गेल्या सात वर्षांतील सेवनाविषयी सरळ विचारण्याची पद्धत आहे, आणि खरे उत्तर पुढे फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरले जाणार नाही, अशी हमी त्या प्रश्नासोबतच दिली जाते. चालू व्यसनाला तेथेही थारा नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात काही दिशा दिली. तरुण वयात घोषणा देण्यासारखा क्षुल्लक गुन्हा दडविला गेला असल्यास नियोक्ता आपल्या विवेकाधिकारात तिकडे दुर्लक्ष करू शकतो, असे न्यायालय म्हणाले. पण खरे सांगणाऱ्याला नेमलेच पाहिजे, असे बंधन त्याने घातले नाही. एकदाचे सेवन क्षुल्लक की गंभीर, हे मग ज्याच्या त्याच्या खात्याच्या मर्जीवर राहते.

विक्री करणाऱ्यास दया नको, याविषयी दुमत नसावे. सेवनाच्या बाबतीत मात्र किती वर्षे निर्व्यसनी राहिल्यावर जुनी नोंद आड येणार नाही, आणि पूर्ण केलेला उपचार उमेदवाराच्या बाजूने धरला जाईल काय, हे केंद्र व राज्य सरकारांनी नियमातच लिहून ठेवले पाहिजे. येरवड्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनींना माणसांत परत आणीत आहे. तेथे नाव नोंदविल्याने पुढे नोकरीचे दार बंद होईल काय, असे एखाद्या मुलाच्या वडिलांनी विचारले, तर दाखविता येईल असा नियम आज हाताशी हवा.