शंभर डोसांची बाटली आणि आठ कोंबड्या

उन्हाळ्याच्या तोंडावर सकाळी डालगे उचलावे आणि आतली तलंग पंख सोडून, डोळे मिटून बसलेली दिसावी, की घरातल्या बाईला पुढचे सांगावे लागत नाही. दुपारपर्यंत हिरवट, पाण्यासारखी हगवण सुरू होते. कोंबडी चोच उघडी टाकून घरघर श्वास घेते. दोन दिवसांत एखादीची मान पिळवटून पाठीकडे वळते, पाय लुळे पडतात. ‘मानमोडी आली’ ही बातमी वाडीभर व्हायला मग वेळ लागत नाही. त्याहून कमी वेळात रोग वाडीभर झालेला असतो.

पुस्तकात या रोगाचे नाव राणीखेत. कुमाऊँच्या डोंगरातल्या त्याच नावाच्या गावी १९२० च्या दशकात तो नोंदवला गेला. त्याच डोंगराळ मुलखातल्या मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत १९४० च्या दशकात त्यावर लसही तयार झाली. ‘आरटूबी’ नावाने ती आजही टोचली जाते. पुण्यात औंधला राज्य सरकारची स्वतःची लसनिर्मिती संस्था आहे. मोठे पोल्ट्रीवाले पहिल्याच आठवड्यात पिल्लांच्या डोळ्यात याच रोगावरच्या लासोटा लसीचा थेंब टाकतात आणि पुढचे वेळापत्रक चुकू देत नाहीत. मग परसातली कोंबडीच दर उन्हाळ्यात का मरते?

अज्ञान, गरिबी, अंधश्रद्धा अशी ठरलेली उत्तरे यावर मिळतात. त्यात फारसा दम नाही. खरी अडचण बाटलीची आहे. ही लस सहसा शंभर, दोनशे, हजार डोसांच्या बाटलीत येते. ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते आणि एकदा द्रावण मिसळले की तासा-दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरी आठ कोंबड्या, एक कोंबडा आणि खुडूक कोंबडीखाली सात-आठ पिल्ले, त्या घराने उरलेल्या ऐंशी डोसांचे काय करायचे? तालुक्याच्या गावाहून थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची, सोळा-सतरा पाखरांना द्यायची आणि बाकीची ओतून टाकायची, हा व्यवहार कोणतीही शहाणी बाई करणार नाही. तिचा हिशेब बरोबरच आहे. लस कोंबडीमागे स्वस्त पडते, पण घरामागे महाग पडते.

म्हणून परसातल्या कोंबडीचे आजारपण ही एकेका घराची बाब मानणेच सोडून द्यायला हवे. कोंबड्या तशाही घराची हद्द पाळत नाहीत. एकीच्या अंगणात दाणे टिपतात, दुसरीच्या उकिरड्यावर उकरतात, तिसरीच्या गोठ्यात अंडे घालतात. लसही वाडीच्या हिशेबानेच द्यावी लागेल. एक दिवस ठरवायचा, आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी कोंबड्या डालून ठेवायच्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत बाटली संपवायची. पंधरा-वीस घरांची वाडी असेल तर दोनशे डोसही पुरणार नाहीत.

हे कोणी करायचे? पशुवैद्यकीय दवाखान्याचा डॉक्टर गाई-म्हशींतून मोकळा होऊन कोंबड्यांकडे वळेल, ही अपेक्षा फोल आहे. पण ‘उमेद’ अभियानातून अनेक गावांत पशुसखी, म्हणजे जनावरांची प्राथमिक देखभाल शिकलेल्या गावातल्याच बायका, तयार झाल्या आहेत. डोळ्यात थेंब टाकणे हे काही शस्त्रक्रियेचे काम नाही. टांझानिया आणि मोझांबिकमध्ये गावातल्याच माणसांना, त्यातही बायकांना, हे शिकवले गेले. तिथे वापरलेली ‘आय-टू’ ही लस ऑस्ट्रेलियात विकसित झाली. ती उष्णता बरीच सोसते, पिल्लू असो की कोंबडा, दोघांनाही एकच थेंब पुरतो आणि दर चार महिन्यांनी तो पुन्हा द्यायचा असतो. एकाच खुराड्यात चार पिढ्या नांदत असताना वयानुसार आखलेले वेळापत्रक कागदावरच राहते, हे तिथल्या लोकांनी ओळखले. आपल्याकडे मात्र योजना म्हटली की पिल्ले वाटायची, असाच शिरस्ता आहे. वाटपाचा फोटो निघतो, लसीचा निघत नाही. वाटलेल्या पिल्लांतली उन्हाळ्यानंतर किती उरली, हे विचारायला सहसा कोणी येत नाही.

हा विषय किरकोळही नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातली पाखरे ३१ कोटी ७० लाखांवर भरली. आधीच्या गणनेपेक्षा ही वाढ जवळजवळ ४६ टक्के होती.

लस नसताना घडते ते असे. साथ आल्याची कुणकुण लागली की धडधाकट दिसणारी पाखरे आठवडी बाजारात काढायची, म्हणजे निदान पैसे तरी सुटतात. पण विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी त्याहून जास्त. धडधाकट दिसणारी कोंबडी पिशवीतून पुढच्या गावाला रोग घेऊन जाते. मेलेली ओढ्यात भिरकावली जाते आणि कुत्री-कावळे उरलेले काम करतात. खोल खड्डा, त्यात चुना, एवढ्याने हे टळते. बाजारातून आणलेले किंवा पाहुण्यांनी दिलेले पाखरू दोन-तीन आठवडे वेगळे ठेवणेही जमण्यासारखे आहे.

साथ शिरल्यावर लसीसाठी धावाधाव होते, तीही अंगाशी येते. रोग आधीच अंगात भिनलेल्या कोंबड्या लस दिल्यावरही मरतात आणि ‘लसीनेच मेल्या’ हे गावात वर्षानुवर्षे टिकते. कोणी मेडिकलमधून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या आणून पाण्यात विरघळवतो. विषाणूवर त्यांचा काडीइतका उपयोग नाही. पोल्ट्रीत तर कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा वापर इतका बोकाळला की २०१९ मध्ये केंद्राने खाद्य प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

सगळेच आजार लसीचे नसतात, हेही खरे. पावसाळ्यात पिल्लांना होणारी रक्ती हगवण ओल्या तुसातून येते. खुराडे कोरडे ठेवणे आणि पाण्याच्या भांड्यात विष्ठा पडू न देणे हे तिच्यावर औषधाइतकेच चालते. जंतांचे औषध वेळेवर, उवांसाठी कोपऱ्यात राखेचा ढीग. यासाठी कोणा योजनेची वाट पाहायला नको.

बर्ड फ्लूचे मात्र वेगळे. २००६ मध्ये नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला, २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आठ-नऊशे कोंबड्या दगावल्यावर तपासणीत तोच निघाला. वरवर पाहून तो आणि मानमोडी वेगळे काढता येत नाहीत. निर्णय भोपाळच्या प्रयोगशाळेतून येतो. एकाच वेळी बरीच पाखरे मेली तर हात न लावता दवाखान्यात कळवणे, एवढेच गावकऱ्याच्या हातात असते. तिथेही नियमाची मेख आहे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पाखरांची, आधी मेलेल्यांची नाही. चार कोंबड्यांची मालकीण कळवायला का कचरते, याचा विचार नियम करणाऱ्यांनी करायला हवा. मेलेल्या पाखरांसाठीही थोडी रक्कम दिली तर खबर लवकर येईल आणि सरकारचाच मोठा खर्च वाचेल.

लसीपुरते बोलायचे तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तारीख ठरवता येते. लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वाडीचे काम आटोपले पाहिजे. पुढची ग्रामसभा १ मे रोजी असते. तोवर बहुतेक ठिकाणी खुराडी रिकामी झालेली असतात.