‘गेम ओव्हर’ म्हणणारे गेम खेळा

शेवटचा पेपर टाकून घरी आलात की पहिले दोन दिवस झोपेतच जातात. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडता आणि ती यादी समोर येते. सेलमध्ये शंभर-दीडशे रुपयांत घेऊन ठेवलेले गेम, दादाच्या खणातल्या जुन्या सीडीज, मित्राने ‘काय, हा खेळलाच नाहीस?’ म्हणत गळ्यात मारलेले दोन-चार. ‘मारिओ’ लहानपणी अर्धवट राहिलेला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये दुसऱ्या लेव्हलच्या पुढे कधी गेलाच नाही. ‘व्हाइस सिटी’मध्ये नुसत्या गाड्या पळवल्या, स्टोरी काय होती कुणास ठाऊक! गेमर मंडळी या ढिगाऱ्याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. इंजिनीअरिंगवाल्यांच्या पोटात हा शब्द ऐकूनच गोळा येईल.

माझं म्हणणं साधं आहे. या सुट्टीत त्या यादीतले जुने गेम खेळाच. पण राहिलेली केटी क्लिअर करायची आहे, अशा थाटात नको. खेळायचं कारण वेगळं आहे. हे गेम संपतात.

यात काय विशेष, असं वाटेल. मग जरा आपल्या फोनमधले गेम आठवा. रोज लॉग-इन केलं की बक्षीस. आज नाही केलं तर स्ट्रीक तुटणार. सीझन संपायला चार दिवस उरलेत, पास घेतलाय, मिशन्स बाकी आहेत. तुम्ही जेवताय, तोवर नोटिफिकेशन हजर. या गेम्सना शेवट नसतो, कारण तुम्ही रोज परत यावं यावरच त्यांचा धंदा चालतो. आपण खेळतोय की हजेरी लावतोय, हे काही दिवसांनी कळेनासं होतं.

आता १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बघा. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार लेव्हल, एकूण बत्तीस. अख्खा गेम ४० केबीत बसवलाय. फॅमिली ग्रुपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून जड असतो. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच आकाराची काढली, फक्त रंग बदलले. सेव्ह करायची सोय नाही. तीन लाइफ संपल्या की काळ्या स्क्रीनवर ‘गेम ओव्हर’. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. पुन्हा खेळा, नाहीतर टीव्ही बंद करून अभ्यासाला बसा. गेम तुम्हाला परत बोलवायला येत नाही.

‘प्रिन्स’ तर याहून भारी. जॉर्डन मेकनरने हा गेम १९८९ मध्ये आणला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडीओ शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली. म्हणून प्रिन्स कड्याला लोंबकळतो तेव्हा त्याचं वजन आपल्याला जाणवतं. राजकन्येला सोडवायला तुमच्याकडे साठ मिनिटं असतात. कितीही वेळा मरा, लेव्हल पुन्हा सुरू होते. घड्याळ मात्र थांबत नाही. म्हणजे इथे खर्च होतो तो तुमचा वेळ, आणि गेम तो लपवत नाही. किती मिनिटं उरली ते स्क्रीनवर दाखवतो. आजचा कुठला गेम एवढा प्रामाणिक आहे, सांगा.

शेवटाकडे प्रिन्ससमोर त्याचीच सावली तलवार घेऊन उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलीच शक्ती कमी होते. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि पुढे जायचं. पस्तीस वर्षांहून जुन्या गेमचा स्पॉयलर दिल्याबद्दल रागावू नका. ही जागा स्वतः गाठाल तेव्हा काय वाटतं, ते वाचून कळणार नाहीच.

शेवट नसलेल्या गेम्सची दुसरी बाजूही बघा. ‘द क्रू’ हा रेसिंग गेम २०१४ मध्ये आला. खेळायला इंटरनेट लागायचंच, एकट्याने खेळायचं असलं तरी. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम लोकांना सुरूच करता येईना. दादाच्या खणातली ‘मोस्ट वॉन्टेड’ची सीडी मात्र २००५ ची असूनही कुणाच्या सर्व्हरची वाट बघत नाही. जुना गेम तुम्ही संपवता. नवा कधी संपवायचा ते कंपनी ठरवते.

‘हा सगळा नॉस्टॅल्जिया आहे,’ असं कुणी म्हणेल. कसला नॉस्टॅल्जिया? ‘मारिओ’ आला तेव्हा आपण जन्मालाही आलो नव्हतो. आणि जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणत नाही. कित्येक जुने गेम उगाच अवघड आहेत. ‘ग्रेडियस’ घरच्या कन्सोलवर आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना स्वतःलाच तो टेस्टिंगसाठी पुढे खेळता येईना, म्हणून त्यांनी एक चीट कोड टाकला. तोच कोड पुढे ‘कॉन्ट्रा’मध्ये तीस लाइफ देणारा म्हणून गाजला. बनवणाऱ्यालाच चीट लागला, तर तुम्हाला लाज कसली? बिनधास्त वापरा. तासाभरात मजा येत नसेल, तर तो गेम यादीतून उडवून टाका. इथे कुणी मार्क देणार नाहीये.

म्हणूनच अख्खी यादी संपवायच्या फंदात पडू नका. पन्नास गेम दहा-दहा मिनिटं चाळण्यापेक्षा तीन निवडा. एका वेळी एकच खेळा. अडलात तर लगेच यूट्यूब उघडू नका, एक रात्र जाऊ द्या. आणि शेवटी नावांची पाटी वर सरकते ना, ती पूर्ण बघा. किती कमी माणसांनी हे सगळं बनवलंय, ते तिथे कळतं.

मी सध्या इंटर्नशिप करतेय. माझी उन्हाळी सुट्टी म्हणजे आठवड्यातला एक दिवस आणि रात्रीचा दीडेक तास. थर्ड इयरवाल्यांनो, पुढच्या वर्षी तुमचंही असंच होणार आहे. ‘सुट्टीत काय शिकलास?’ हा प्रश्न घरचे विचारतीलच, इंटरव्ह्यूतही येईल. त्याची तयारी करा, कोर्स करा, ड्रायव्हिंग शिका. पण उरलेला वेळ ज्याला द्याल, तो वेळ झाल्यावर तुम्हाला सोडणारा तरी असू दे.