माळ पडीक नाही

सुट्टीच्या दिवशी फिरायला कुठे जायचे, हा प्रश्न कामगाराच्या घरात सहसा निघतच नाही. आठवड्यातून एक सुट्टी. त्यात रेशन, दळण, पोरांची फी, नात्यातले लग्नकार्य आणि राहिलेली झोप. रानावनात तंबू ठोकून राहणे, पाखरांचे फोटो काढणे हे शहरातल्या पैसेवाल्यांचे खूळ आहे, असे आपण धरून चाललो आहोत. चिंचोळी एमआयडीसीत काम करणाऱ्या आमच्या बांधवांना आम्ही विचारले, तर दहातल्या नऊ जणांनी एकच उत्तर दिले. "साहेब, इथं बघण्यासारखं आहे काय? नुसता माळ!"

वाचक बंधू-भगिनींनो, आज या 'नुसत्या माळा'विषयीच बोलायचे आहे.

चिंचोळी मोहोळ तालुक्यात, सोलापूर-पुणे महामार्गाच्या कडेला. तिथून सोलापूर गाठावे आणि बार्शी रस्त्याला लागावे, की सुमारे वीस किलोमीटरवर नान्नज येते. या नान्नजच्या माळाचे नाव जगातल्या पक्षीशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. त्याचे कारण माळढोक. मीटरभर उंचीचा हा पक्षी. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढा जड पक्षी जगात फारच क्वचित सापडतो. सोलापुरातले एक शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात या माळावर माळढोक असल्याचे लोकांपुढे आणले आणि पाठपुरावा सोडला नाही. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. पुढे १९८० च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी इथे राहून अभ्यास करत होते. म्हणजे ज्याला आपण 'नुसता माळ' म्हणतो, तिथे शास्त्रज्ञ महिनोन् महिने मुक्काम टाकून बसत होते.

कागदावरचे अभयारण्य

यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७९ साली जाहीर झालेले अभयारण्य होते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. आपला अख्खा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा आहे, यावरून आकाराची कल्पना यावी. त्यात सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातले तालुके, गावे, शेते, वस्त्या असे सगळेच आले. प्रत्यक्ष गवताचे माळ मात्र मधूनमधून विखुरलेले. नियमांचा जाच झाला तो जमिनीच्या व्यवहाराला, विहिरीला, बांधकामाला. साहजिकच लोक म्हणू लागले, "पक्षी काही दिसत नाही, अडचण मात्र रोज दिसते." पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने हे क्षेत्र कमी होऊन सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. पण तोवर पक्ष्याविषयीचा राग मनात बसला होता आणि पक्षीही हातचा गेला होता. अलीकडच्या वर्षांत नान्नजला एखादी मादी दिसली तरी तिची बातमी होते. देशभरात मिळून दीडशेपेक्षा कमी माळढोक उरले असल्याचे सांगतात. त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला आहेत.

माळढोक का संपला? शिकार हे जुने कारण. त्याहून मोठे कारण म्हणजे माळ संपले. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि जवळजवळ महिनाभर उबवते. माणूस जवळ आला की ती उठून जाते. मग कावळा किंवा कुत्रा अंडे नेतो आणि तिचे वर्ष वाया जाते. त्यात विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, आणि अंग जड म्हणून ऐनवेळी वळता येत नाही. तारेला धडकून किती तरी माळढोक मेले. सर्वोच्च न्यायालयातही हा तारांचा प्रश्न गाजला. राजस्थानात आता माणसाच्या देखरेखीखाली पैदास चालू आहे. २०२४ साली तिथे कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले.

सरकारी भाषेत गवताच्या माळाला 'पडीक' म्हणण्याची पद्धत आहे. पडीक म्हटले की कुणीही घ्यावे, कुणीही नांगरावे, कुणीही खड्डा खणावा. आपल्या समाजाला हा शब्द कळायला अवघड जाऊ नये. ज्याला एकदा निरुपयोगी ठरवले, त्याच्याकडे मग कोणी नीट बघतसुद्धा नाही. म्हणून आधी बघायला शिकले पाहिजे.

फिरण्याचाही हक्क

सहल हा आपल्यासाठी कधीच साधा विषय नव्हता. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासात अंगावर धूळ बसलेली, म्हणून किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटवला म्हणून कल्लोळ उठला. अखेर, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत शिपाई देऊन त्यांना किल्ल्यात सोडण्यात आले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे. आपल्या पोरांनी दुर्बीण गळ्यात घालून मोकळ्या माळावर उभे राहणे, ही गोष्ट आपण म्हणूनच किरकोळ समजू नये. ती चैन नव्हे.

आणि तिला खर्चही फार नाही. तंबू नको, महागडा कॅमेरा नको. पाच-सहा घरांनी मिळून एक साधी दुर्बीण घ्यावी. मोबाइलची भिंग दुर्बिणीच्या डोळ्याच्या बाजूला नीट धरली, तर लांबच्या पक्ष्याचा बऱ्यापैकी फोटो निघतो. जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा आणि भरपूर पाणी. कपडे मातकट रंगाचे असावेत. कारखान्याचा खाकी गणवेश यासाठी उत्तमच! पांढरे आणि भडक मात्र नको. सकाळी उजाडता पोचावे, ऊन पाठीशी ठेवावे आणि एका जागी बसून राहावे. पक्ष्याच्या मागे धावणाऱ्याला पक्ष्याची शेपटी मिळते. बसून राहणाऱ्याच्या समोर पक्षी आपण होऊन येतो. पाळी संपेपर्यंत मशीनवर उभा राहणारा आमचा कामगार धीराच्या बाबतीत कुणाला हार जाणार नाही.

माळढोक दिसला नाही तर काय बघायचे? काळविटांचे कळप बघा. नशीब असेल तर लांडगा किंवा खोकड दिसेल. चंडोल, धाविक, पखुर्डी हे माळाचे पक्षी पायाशी असतात, पण मातीच्या रंगाचे म्हणून हलल्याशिवाय दिसत नाहीत. थंडीत गवतावरून तरंगत जाणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी परदेशातून येतात. ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या भोरड्या तर आपल्या आजीनेही गोफणीने हाकलल्या असतील. त्याही हजारो किलोमीटरवरून आलेल्या पाहुण्या आहेत. तुळजापूर रस्त्यावर हिप्परग्याचा तलाव आहे. १८७१ साली बांधलेला हा एकरुख तलाव थंडीत पाणपक्ष्यांनी भरतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस सोलापूरच्या तलावांवर उतरतात. उजनीच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी येतात. लोक ते बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या करून येतात आणि आपण मात्र त्याच रस्त्याने डोळे मिटून एसटीत बसतो.

काही पथ्ये

गेली काही वर्षे आमच्या वस्त्यांतली तरुण पोरे मोटारसायकली काढून माळावर जाऊ लागली आहेत, रात्री शेकोटी करून राहतात, फोटो काढतात. याचा आम्हाला आनंदच आहे. पण काळविटामागे गाडी पळवून काढलेली चित्रफीत दाखवून कुणी शाबासकी मागू लागला, तर ती आम्ही देणार नाही. जीव घेऊन पळणाऱ्या जनावराचा फोटो म्हणजे त्याच्या भीतीचा फोटो.

कायदा माहीत असावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अभयारण्यात फोटोसाठी, अभ्यासासाठी किंवा पर्यटनासाठी जायचे तर कलम २८ प्रमाणे परवानगी लागते. म्हणून आधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. परवानगीशिवाय रात्री मुक्काम नाही. कलम ३० प्रमाणे अभयारण्यात आग पेटवता येत नाही. सुक्या गवतात एक ठिणगी पुरते. आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते, की पक्ष्याचे घरटे किंवा अंडी विस्कटणे, त्यांना त्रास देणे हेही या कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. बंदूक हातात असलीच पाहिजे असे नाही. घरटे दिसले तर मागे फिरावे, आणि त्याची जागा मोबाइलवर कुणाला कळवू नये.

मुक्काम करायचाच तर अभयारण्याबाहेर, ओळखीच्या शेतकऱ्याच्या वस्तीवर, त्याला विचारून करावा. उघड्या जमिनीवर झोपू नये. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते, तेव्हा फारसे दुखतही नाही. फुरसे, घोणस याच माळावर असतात. हातात बॅटरी, पायात बूट आणि झोपायला खाट हवी. कुणाला साप चावलाच तर कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे यात वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट सरकारी दवाखान्यात न्यावे. सर्पविषावरचे औषध तिथे मिळते, मांत्रिकाकडे मिळत नाही. हे सांगायची वेळ आजही येते, म्हणून सांगतो.

आणखी एक. माळावर मेंढरे राखणारा धनगर, गवत कापणारी बाई, पालावरची पोरे भेटतील. त्यांना न विचारता फोटो काढू नये. गरिबाच्या तोंडाचा फोटो त्याला न विचारता कुणीही काढावा, छापावा, हे आपल्याही वाट्याला आलेले आहे. दोन शब्द बोलावेत. कोणता पक्षी कुठे उतरतो, लांडगा कोणत्या ओढ्याने जातो, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत नसते. अरण्यावर लिहिणारे मारुती चितमपल्ली सोलापुरात जन्मले आणि २०२५ साली सोलापुरातच त्यांचे निधन झाले. वनखात्यात अधिकारी असूनही त्यांनी जंगलाचे शब्द आदिवासींकडून गोळा केले.

कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. जयंतीला वृक्षारोपण करण्याची आपली प्रथा चांगली आहे. पण गवताच्या माळावर सरसकट झाडे लावू नका. माळढोक, धाविक, काळवीट यांना लांबवर दिसेल असे मोकळे गवत लागते. दाट झाडी झाली की ते निघून जातात. झाडे लावायला आपली वस्ती, शाळा, विहाराचे आवार आणि एमआयडीसीचे उघडे रस्ते आहेत. तिथल्या सावलीची गरज कामगाराला जास्त आहे.

महाराष्ट्र शासन ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळते. ५ तारखेला चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सालिम अलींचा. पाऊस संपलेला, गवत पिवळे होत आलेले, पाहुणे पक्षी नुकते उतरलेले. दर वस्तीतून एक सहल या आठवड्यात निघावी, आणि ती फक्त पोरांची नसावी. जिला वर्षभर चुलीपासून आणि नळाच्या रांगेपासून सुट्टी नाही, त्या माउलीला पहिल्यांदा गाडीत बसवा. भाकरी त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी बांधावी. सोबत एक वही न्या. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती दिसले, एवढेच लिहा. नाव कळले नाही तर रंग आणि आकार लिहा. दहा वर्षे अशी वही भरली, तर उद्या कुणी हा माळ पडीक आहे म्हणून मोजायला आला असता त्याच्यापुढे ठेवायला आपल्याकडे लेखी पुरावा असेल. कारकुनी करणाऱ्या माणसाला कागदाची किंमत ठाऊक असते. ज्याची नोंद नाही, ते नव्हतेच असे म्हणायला लोकांना वेळ लागत नाही.