समशेर आणि संकर

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ या गावी मस्तानीची कबर आहे. हे गाव बाजीरावाने तिला इनाम दिले होते. १७४० साली बाजीराव गेला आणि त्याच वर्षी तिचाही अंत झाला. तिच्या पुत्राला अवघा महाराष्ट्र 'समशेरबहाद्दर' या नावाने ओळखतो. मुळातले फार्सी शब्द मात्र 'शमशेर' आणि 'बहादुर' असे आहेत. मराठी जिभेने 'श'चा 'स' केला आणि 'द' दुप्पट केला. १७६१ च्या पानिपतच्या रणात जखमी होऊन मरण पावलेल्या या वीराच्या नावातला 'स' आजवर कोणा पंडिताला खटकलेला नाही. इतिहासाच्या ग्रंथांत तो तसाच छापला जातो.

आता त्याच पाबळच्या पंचक्रोशीत एखादी माउली आपल्या लेकराला 'संकर' अशी हाक मारते. येथेही 'श'चा 'स'च झालेला असतो. परंतु या 'स'ला आपण अशुद्ध, गावंढळ असे म्हणतो. शाळेत तो दुरुस्त केला जातो, क्वचित त्यावर हशाही पिकवला जातो. ध्वनिपरिवर्तन एकच असताना एका ठिकाणी तो इतिहास आणि दुसऱ्या ठिकाणी दोष कसा ठरतो, हा आमचा प्रश्न आहे.

खेड्यातील उच्चार स्वैर असतात, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. नारायणाचा 'नारायन' आणि गणपतीचा 'गनपती' होतो, कारण तेथे 'ण'च्या जागी 'न' येतो. पाण्याचेही 'पानी' होते. विठ्ठलाचा 'इठ्ठल' आणि विष्णूचा 'इस्नू' होतो, कारण आरंभीच्या 'वि'मधला 'व' गळतो. लक्ष्मणाचा 'लक्षुमन' होतो तो जोडाक्षर फोडून. यात नियम आहे, सातत्य आहे. खानदेशात आणि वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होऊन 'बाळू'चा 'बायू' होतो, त्यालाही तेथील बोलीचा नियमच कारण आहे. वर्गात भाषाविज्ञान शिकवताना आपण ज्याला ध्वनिनियम म्हणतो, त्यालाच हजेरी घेताना चूक म्हणतो.

आणि दुरुस्त करणाऱ्याचा उच्चार तरी कितपत शुद्ध असतो? 'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या. 'ज्ञ' म्हणजे 'ज्' आणि 'ञ' यांचा संयोग. हिंदी भाषक त्याचा 'ग्य' करतो, गुजराती 'ग्न', आणि आम्ही सुशिक्षित मराठी लोक 'द्न्य' करतो. 'कृष्णा'तील 'ऋ' आम्ही 'रु' उच्चारतो, उत्तरेत तो 'रि' होतो. आणि 'ष' व 'श' यांतला भेद बोलताना पाळणारा मनुष्य आज शोधावाच लागेल. म्हणजे 'किसना'ला हसणारे गुरुजी स्वतः 'क्रुश्ना' म्हणत असतात. त्यांचा उच्चारही प्रादेशिकच. फरक इतकाच की त्यांच्या प्रदेशाला प्रतिष्ठा आहे.

पाबळहून आळंदी फार दूर नाही. आषाढीला तेथून पालखी निघते तेव्हा वारकऱ्यांच्या मुखी ज्ञानोबाचा 'ग्यानबा' झालेला असतो. दिंडी थांबवून तो उच्चार सुधारण्याचे धाडस कोणी केलेले आम्ही ऐकलेले नाही. श्रद्धेने उच्चारलेले नाव जर शुद्ध, तर मायेने उच्चारलेले का नसावे?

यावर असा आक्षेप येईल की कागदोपत्री तरी नाव एकच हवे. तो आम्हाला मान्य आहे. तलाठ्याने कानावर पडले तसे 'इठ्ठल' लिहावे, शाळेच्या दाखल्यावर 'विठ्ठल' यावे, आणि पुढे वारसाची नोंद करताना एकाच माणसाचे दोन इसम व्हावेत, हे दुःख ग्रामीण भागाला नवे नाही. प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र यांचा खर्च शेवटी त्यालाच सोसावा लागतो. म्हणून लेखनाची एकरूपता शिकवलीच पाहिजे. परंतु लेखनाचे नियम लेखनापुरते असतात. त्यांची सत्ता जिभेवर चालवणे हा अतिक्रम होय.

साहित्याच्या अध्यापकांकडून म्हणूनच आमची अपेक्षा मोठी नाही. ग्रामीण कथेतील पात्राच्या तोंडी 'इठ्ठल' आला की आपण त्यास अस्सल बोलीचे सौंदर्य म्हणतो आणि परीक्षेत त्यावर प्रश्न काढतो. तीच बोली बोलणारा मुलगा समोरच्या बाकावर बसलेला असतो. त्याने आपले नाव सांगितले की फळ्यावर ते प्रमाण रूपात लिहावे, तसे लिहायला त्याला शिकवावे. पण त्याचा उच्चार हसून खोडू नये. तो उच्चार त्याला त्याच्या आईने दिलेला असतो. तो चुकीचा आहे असे सांगताना आपण त्याला आईविषयी काय सांगत असतो, याचा विचार आपणच करायचा आहे.