विहिरीवरची केबल

अकोल्यातून १९९८ साली वेगळा झालेला वाशिम जिल्हा आता समृद्धी महामार्गावर आहे. शिवारात सौरपंप आले, तशी चोरीही बदलली. विहिरीवरच्या मोटारीची केबल रातोरात कापायची, वरचं आवरण जाळायचं आणि तांबं भंगारात विकायचं. रोहित्रातलं तेलसुद्धा सुटत नाही. चोराला मिळतात जेमतेम काही रुपये. इकडे ऐन रब्बीत हरभऱ्याचं पाणी तुटतं आणि नवी केबल शेतकऱ्याच्याच माथी. भारतीय न्याय संहितेत पाच हजारांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीत माल किंवा त्याची किंमत परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. पण केबलची किंमत भरली तरी हरभऱ्याचं तुटलेलं पाणी परत कसं येणार? आमची मागणी स्पष्ट आहे: तपास भंगाराच्या काट्यापासून सुरू करा, आणि तक्रार ‘किरकोळ’ म्हणून परतवू नका.