बटण दोनदा दाबलं, तर दोष कुणाचा?

मागच्या टर्ममध्ये मी सहावीतल्या एका कॅडेटला एक वाक्य पन्नास वेळा लिहायला लावलं : ‘मैं बटन एक ही बार दबाऊँगा.’ प्रेप संपल्यावर, डोळ्यांवर झोप असताना, त्याने ते चांगल्या अक्षरात लिहून दिलं. तो कागद अजून माझ्या लॉकरमध्ये आहे. तो मी का ठेवला आहे, ते सांगण्यासाठी हा लेख.

पालक-भेटीच्या रविवारी मेसमध्ये किती पालक जेवणार, याची नोंद आपल्याकडे वहीत होत असे. कॉम्प्युटर क्लबच्या वतीने मी त्यासाठी एक वेब फॉर्म बनवला. कॅडेटचा नंबर, हाऊस, येणाऱ्या माणसांची संख्या आणि खाली ‘सबमिट’चं बटण. पायथनमध्ये लिहिलेला माझा पहिलाच चालता फॉर्म, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. शनिवारी यादी मेसमध्ये गेली आणि अर्ध्या तासात मला बोलावणं आलं. त्या सहावीतल्या मुलाच्या नावावर तीन नोंदी होत्या, प्रत्येकी चार माणसं. ‘इसके घर की शादी है क्या?’ मेसच्या हवालदारसाहेबांनी विचारलं. सगळे हसले. मला मात्र राग आला, कारण माझा फॉर्म हास्यास्पद ठरला होता. मुलगा एवढंच म्हणाला, ‘सर, कुछ आया ही नहीं, तो फिर दबाया.’ मी म्हणालो, ‘दो बार दबाया ना? फिर गलती किसकी?’ आणि पन्नास ओळींची शिक्षा दिली.

त्यानंतर सुट्टीत मी साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेलो. धाकट्या बहिणीच्या एका परीक्षेचा अर्ज आईने मोबाइलवर भरला होता. शेवटची तारीख होती, बाबा ड्युटीवर होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. आमच्या घरात रेंज फक्त ओट्यावर येते. आईने फी भरायचं बटण दाबलं, स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि मग पान पांढरं पडलं. पैसे गेले की नाही, काही कळेना. तिने मागे जाऊन पुन्हा बटण दाबलं. फी दोनदा कापली गेली. आई शिवणकाम करते. त्या महिन्याचा किराणा उधारीवर आणावा लागला. मी हेल्पलाइनला फोन लावला, तर पलीकडून उत्तर आलं, ‘तुम्ही दोनदा दाबलंत ना? मग आम्ही काय करणार?’

हे वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं.

पैसे तीन आठवड्यांनी परत आले. पण त्या वेबसाइटवर बटणाच्या वर लाल अक्षरांत लिहिलेली सूचना माझ्या डोक्यातून गेली नाही : ‘कृपया बटण दोनदा दाबू नये.’ आपण सगळ्यांनीच अशा सूचना पाहिल्या आहेत. माझं मत असं आहे की ही सूचना म्हणजे फॉर्म बनवणाऱ्याने आपलं अपुरं काम भरणाऱ्याच्या डोक्यावर टाकणं आहे. बटण दोनदा दाबलं गेलं तरी काम एकदाच व्हावं, ही जबाबदारी फॉर्म बनवणाऱ्याची आहे.

काही जण म्हणतील, थोडा धीर धरायला काय हरकत आहे? शिस्त म्हणून काही आहे की नाही? मीही तसंच म्हणत होतो. पण आईच्या जागी बसून पाहा. पान पांढरं पडलं, तेव्हा दोनच शक्यता होत्या. एक तर तिची विनंती तिकडे पोहोचलीच नव्हती, किंवा पोहोचली होती आणि तिकडचं उत्तर वाटेत हरवलं होतं. इकडे ओट्यावर बसून या दोन गोष्टींतला फरक कळण्याचा काही मार्ग नाही. गप्प बसावं, तर शेवटच्या तारखेला अर्ज बाद होण्याची भीती. पुन्हा दाबावं, तर पैसे दोनदा जाण्याची भीती.

कॉम्प्युटरच्या शास्त्रात या अडचणीचं एक प्रसिद्ध कोडं आहे आणि ते आपल्याला आवडण्यासारखं आहे. दोन टेकड्यांवर एकाच बाजूचे दोन सेनापती आहेत, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच विजय. एकाने निरोप्या पाठवला, ‘पहाटे हल्ला.’ तो पोहोचला का? कळायला उलट निरोप हवा. तो उलट निरोप पोहोचला का? त्यासाठी आणखी एक निरोप्या. असे कितीही निरोपे पाठवले तरी दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही, हे गणिताने सिद्ध होतं. १९७५ साली एका शोधनिबंधात हा प्रश्न मांडला गेला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे या शास्त्रज्ञाने त्याला दोन सेनापतींचं नाव दिलं. जे दोन सेनापतींना जमत नाही, ते माझ्या आईला किंवा सहावीतल्या पोराला कसं जमावं? उत्तर आलं नाही तर माणूस पुन्हा विचारणारच. त्यात बेशिस्त काही नाही.

मग करायचं काय? याचं उत्तर मला आपल्या परेड ग्राउंडवर सापडलं.

उस्ताद ‘सावधान’ म्हणाले. आपण सावधान झालो. ते पुन्हा ‘सावधान’ म्हणाले. काय झालं? काहीच नाही. आपण सावधानच होतो. आता ते म्हणाले, ‘दाहिने मुड.’ आपण उजवीकडे वळलो. तीच ऑर्डर पुन्हा आली, तर आपलं तोंड थेट मागे. पहिली ऑर्डर दोनदा दिली तरी परिणाम एकदा दिल्यासारखाच, दुसरीचा परिणाम दर वेळी बदलतो. पहिल्या प्रकाराला इंग्रजीत ‘आयडेम्पोटंट’ म्हणतात. बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने १८७० साली बीजगणितात हा शब्द आणला. १ ला १ ने कितीही वेळा गुणा, १ च राहतो. २ ला २ ने गुणत राहिलात तर आकडा वाढतच जातो.

इंटरनेटच्या नियमांतही हाच फरक केलेला आहे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी भाषेत बोलतात, तिच्यात ‘गेट’ म्हणजे ‘मला ते पान दाखव’. हे शंभर वेळा म्हटलं तरी काही बिघडत नाही. ‘पोस्ट’ म्हणजे ‘ही माहिती घे आणि काम कर’. त्याच्या बाबतीत अशी कोणतीही हमी नियम देत नाही. आपले बहुतेक फॉर्म ‘पोस्ट’नेच जातात, म्हणजे ते जन्मतः ‘दाहिने मुड’ असतात. त्यांना ‘सावधान’ बनवणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं काम आहे.

वायरलेसवर बोलण्याच्या लष्करी पद्धतीतही हा विचार आहे. समोरचं बोलणं ऐकू आलं नाही, तर ‘रिपीट’ म्हणत नाहीत, ‘से अगेन’ म्हणतात. कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे ‘तोच मारा पुन्हा करा’. निरोप पुन्हा सांगणं वेगळं आणि काम पुन्हा करणं वेगळं, हे तिथे शब्दातच वेगळं केलेलं आहे. आईने दुसऱ्यांदा बटण दाबलं, तेव्हा ती ‘से अगेन’ म्हणत होती. वेबसाइटने ‘रिपीट’ ऐकलं.

शाळेत परत आल्यावर कॉम्प्युटरच्या सरांसोबत बसून मी माझा फॉर्म दुरुस्त केला. तेव्हा कळलं की सोपे वाटणारे उपाय पुरत नाहीत.

पहिला सोपा उपाय म्हणजे एकदा दाबल्यावर बटण बंद करणं. तो करावाच, घाईत दोनदा क्लिक करणारा त्याने थांबतो. पण पान रिफ्रेश केलं किंवा मागे जाऊन पुन्हा उघडलं, की बटण परत जिवंत होतं. ते फक्त दारावरचं कुलूप आहे, खिडकी उघडीच राहते.

दुसरा उपाय फॉर्म पोहोचल्यानंतरचा. ‘पोस्ट’ला उत्तर म्हणून सर्व्हर थेट पान पाठवतो, तेव्हा ते पान रिफ्रेश केलं की ब्राउझर भरलेली माहिती पुन्हा पाठवायला निघतो. म्हणून सर्व्हरने ३०३ या क्रमांकाचं उत्तर द्यावं. त्याचा अर्थ, ‘तुझं उत्तर त्या दुसऱ्या पत्त्यावर आहे, तिथे जाऊन बघ.’ मग ब्राउझर ‘गेट’ने दुसऱ्या पानावर जातो आणि ते हवं तितकं रिफ्रेश करा, नोंद वाढत नाही. पण उत्तर वाटेतच हरवलं, तर याचाही उपयोग नाही. आईच्या बाबतीत तेच झालं असणार.

मग मी सर्व्हरवर तपासणी घातली : या कॅडेटची नोंद आधी आहे का? नसेल तरच लिही. मला वाटलं, झालं काम. सरांनी विचारलं, ‘दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर?’ दोन ड्युटी कॅडेट एकाच वेळी रजिस्टर बघतात, दोघांनाही नाव दिसत नाही आणि दोघेही नाव लिहितात, तसं ते होतं. म्हणून शेवटचा निर्णय डेटाबेसवर सोपवावा लागतो. एका रविवारी एका कॅडेट नंबरची एकच ओळ, असा पक्का नियम त्याच्यात घालायचा. मग दुसरी ओळ तो घेतच नाही. त्यावर भरणाऱ्याला चूक झाल्याचा लाल संदेश न दाखवता शांतपणे सांगायचं, ‘तुमची नोंद झालेली आहे, चार माणसं.’ पुन्हा विचारणाऱ्याला हेच तर हवं असतं.

इथे एक शंका येईल. सारखीच माहिती दोनदा आली की दुसरी फेकून द्यावी, एवढं सोपं का नाही? कारण आपल्याकडे सख्खे भाऊ शिकतात. त्यांचे वडील एकाच फोनवरून, एकाच दिवशी, सारखीच रक्कम दोनदा भरतात आणि ती दोन्ही वेळा खरी असते. फक्त रक्कम बघून एक फेकली, तर एका भावाची फी राहील. म्हणून प्रत्येक कामाला स्वतःचा नंबर हवा. पैसे देण्याघेण्याच्या चांगल्या यंत्रणा असंच करतात. विनंतीसोबत एक क्रमांक जातो आणि तोच क्रमांक पुन्हा आला, तर काम पुन्हा न करता पहिलंच उत्तर परत दिलं जातं. माझ्या बहिणीच्या अर्जालाही नंबर होता, स्क्रीनवर वरच छापलेला. एका अर्ज क्रमांकाला एकच फी आणि पहिल्या भरण्याचा निकाल लागेपर्यंत दुसरं थांबवून ठेवायचं, एवढा नियम त्यांनी घातला असता, तर आमचा किराणा उधारीवर आला नसता. लाल अक्षरांत सूचना लिहायला त्यांना वेळ मिळाला, नियम लिहायला मिळाला नाही.

‘यात फार खर्च आहे,’ असंही कुणी म्हणेल. माझ्या फॉर्मला दोन तासिका आणि वीसेक ओळी लागल्या. मोठ्या वेबसाइटचं काम नक्कीच अवघड असेल. पण तिथे पगार घेणारी, शिकलेली माणसं बसलेली असतात. ओट्यावर रेंज शोधणाऱ्या बाईने काळजी घ्यायची की त्यांनी, हे ठरवायला फार विचार करावा लागू नये.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण उद्या ऑर्डर देणारे होणार आहेत. काही फौजेत, काही ऑफिसात, काही कॉम्प्युटरसमोर. खालच्याकडून काही चुकलं की आधी त्याला पकडायचं, ही सवय आपल्याला लवकर लागते. मला तर दहावीतच लागली होती. माझं म्हणणं इतकंच की आधी आपली ऑर्डर तपासावी. ती ऐकू गेली का? ऐकू गेल्याची पोच आपण दिली का? आणि घाबरून कुणी ती दोनदा पाळली, तर नुकसान होईल अशी ती होती का?

आपल्या शाळेत आता रजेचे आणि आउटिंगचे फॉर्मही ऑनलाइन करायचं चाललं आहे. ते बनवणाऱ्यांना माझी विनंती आहे की त्यावर ‘दोनदा दाबू नये’ असं लिहू नका. आणि प्रत्येक फॉर्मनंतर पोच क्रमांक द्या.

त्या सहावीतल्या कॅडेटला मी बोलावून सांगितलं की गलती माझी होती, तुझी नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग त्याने विचारलं, ‘सर, तो वो पचास लाइन?’ मी काय बोलणार? त्या रात्री प्रेपनंतर मी एक नवा कागद घेतला आणि पन्नास ओळी लिहून त्याला दिल्या : ‘मैं फॉर्म ठीक से बनाऊँगा.’ त्याने त्या मोजून घेतल्या.