पलटण सोडलेला गडी

सुटीत भिलाईला ताईकडे आलोय. सेक्टर 10 मधलं क्वार्टर, संध्याकाळी ‘अनुपमा’ मालिकेचे जुने भाग. वनराजला पाहून मी म्हणालो, "हा सुधांशू पांडे आधी गायचा!" भाचीला पटेना. "मामा, काहीही!"

2001 मध्ये मुंबईत ‘अ बँड ऑफ बॉइज’ निघाला. पाच जण, त्यात आशाताईंचा नातू चिंटू भोसलेही. आमच्या बॅरेकमध्ये त्यांची कॅसेट वाजायची. पुढे सुधांशू बँड सोडून पुन्हा अभिनयाकडे वळला.

तिकडे रॉबी विल्यम्सने 1995 मध्ये ‘टेक दॅट’ सोडला. एकट्याचा पहिला अल्बम सुरुवातीला रखडलाच, ‘एंजल्स’ने सावरला. 2003 मध्ये नेबवर्थला तीन दिवसांत पावणेचार लाख लोक त्याला ऐकायला आले. आणि 2010 मध्ये गडी जुन्या सोबत्यांत परतलाही!

सोडून जाणाऱ्याला लोक गद्दार म्हणतात. मला ते मान्य नाही. पाचांत एकाचा बेसूर खपून जातो, एकट्याचा लगेच कळतो. मार्चमध्ये माझी पेन्शन आहे, म्हणून हे जास्त टोचतं. 24 वर्षं दुसऱ्याच्या पावलाला पाऊल जुळवलं.

"पुढं काय करणार रे?" ताईनं विचारलं.

मी टीव्हीचा आवाज वाढवला.